उघडे खांदे

गुणाजी मालंडकर मालवणच्या स्टँडवर एस्टीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यांवर काही नव्हतं, आणि लोकांनी त्याच्या चेहऱ्याआधी तेच पाहिलं.

फौजी हिरवा शर्ट उन्हाने विटला होता. मात्र खांद्यांवर जिथे पलटणीचं पितळी नाव असायचं तिथे, आणि डाव्या बाहीवर जिथे ब्रिगेडचं चिन्ह शिवलेलं असायचं तिथे, कापड अजून नव्यासारखं गडद होतं. बाहीवरचा डाग इतका नीट गोल होता की चिन्ह असताना ते जेवढं दिसलं नसेल तेवढं त्याचं नसणं दिसत होतं. टोपीवरचा बिल्लाही गेला होता.

हे सगळं हुकमाने झालं होतं. साल १९६१, महिना फेब्रुवारीचा. गुणाजीची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतून काँगोला निघाली होती. रजेवर सोडण्याआधी कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना मैदानात बसवून समजावलं. कुठली पलटण, कधी, कुठे, या तिन्ही गोष्टी गुप्त. रेल्वेत, बंदरावर किंवा गावात पलटण ओळखू येऊ नये म्हणून चिन्हं उतरवून ट्रंकेत ठेवायची. "आणि कोणी ठिकाणाचं नाव घेऊन विचारलं तर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका," ते म्हणाले. "चार ठिकाणांना नाही म्हणणारा माणूस पाचवं सांगून मोकळा होतो."

गुणाजीला हे पटलं. तो मुळात कमी बोलणारा होता, त्यामुळे हुकूम जड जाईल असं त्याला वाटलं नाही.

त्याचे होणारे सासरे पोलिसांत होते, ही गोष्ट त्याने हिशेबात धरली नव्हती.

नाना खवणेकर जमादार म्हणून निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी गावच्या, म्हणजे आडबंदरच्या, नाक्यावर साल्वादोरच्या दुकानासमोरच्या बाकावर बसत. गावात कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना अजूनही कळायला लागे. त्यांची मुलगी सुशीला गुणाजीला देऊ केलेली होती. येत्या सोमवारी साखरपुडा ठरला होता. गुणाजी ट्रंक खांद्यावर घेऊन नाक्यावर आला तेव्हा नानांनी आधी एक खांदा पाहिला, मग ट्रंक उतरवायला लावून दुसरा पाहिला.

"खंयसून इलंस?"

"पलटणीतसून, नानानू."

"खंयच्या पलटणीतसून?"

गुणाजीने ट्रंकेची कडी नीट केली.

"नाव माका म्हायत आसा," नाना म्हणाले. "सोयरीक करताना सांगललंस. ता अजून तुका म्हायत आसा काय, ता इचारतंय. खांद्यावरचा खंय गेला?"

"काढलंय."

"तुया काढलंस की काढून घेतल्यानी?"

"काढूक सांगल्यानी."

"कित्याक?"

"सांगूक येणा नाय."

नानांनी मान डोलावली. पोलिसखात्यात शिपायाला घरी बसवतात तेव्हा आधी त्याचा पट्टा आणि बिल्ला काढून घेतात. असे शिपाई नानांनी पुष्कळ पाहिले होते. काहींचे पट्टे त्यांनी स्वतः काढून घेतले होते. त्यातला प्रत्येकजण घरी जाऊन हेच सांगे, की कारण सांगता येत नाही.

साल्वादोर दुकानात कांदे तोलत होता. त्याने तराजू खाली ठेवला. त्याची धाकटी बहीण तेरेझा गोव्यात म्हापशाला दिलेली होती आणि नवरा आफ्रिकेला बोटीवर असल्याने ती दोन पोरांना घेऊन एकटी राहत होती. हद्दीपलीकडे पोर्तुगीज बसलेले, अलीकडे आपले. कधी काय होईल सांगता येत नव्हतं.

"नानानू, तुमका कायच कळणा नाय," साल्वादोर म्हणाला. "ही पलटण गोंयात घुसतली. म्हणान बिल्ले काढल्यानी! गुणाजी, गोंयाक मा? तू बोलू नको. फकत मान हलय."

गुणाजीने मान हलवली नाही. उभी नाही, आडवी नाही.

"बघलात?" साल्वादोर नानांना म्हणाला. "नाय म्हणाक नाय."

"व्हय पण म्हणाक नाय," नाना म्हणाले.

दोघांचंही बरोबर होतं. गुणाजीने ट्रंक उचलली आणि तो घरी गेला.

घरी त्याच्या आईने, सत्यवतीने, खांद्यावरच्या गडद जागेवरून बोट फिरवलं आणि परटाने चोरलं काय म्हणून विचारलं. नाही म्हणाल्यावर तिने तो विषय सोडून दिला. नवरा गेल्यावर माशांची पाटी डोक्यावर घेऊन तिने गुणाजीला वाढवलं होतं, आणि ज्या गोष्टीचा भाव लागत नाही तिची चौकशी करण्यात ती वेळ घालवत नसे. तिने एवढंच विचारलं, "लांब जातलंस?"

गुणाजीने तिच्याकडे पाहिलं. लांब हे काही ठिकाण नव्हतं. "व्हय," तो म्हणाला.

"तर रवळनाथाक गाऱ्हाणा घालूक होया," सत्यवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना घरी आले. ते मालवणी सोडून कचेरीतली मराठी बोलू लागले, तेव्हा सत्यवतीने पदर डोक्यावर घेतला.

"साखरपुडा सोमवारी आहे," नाना म्हणाले. "मुलगा नोकरीत आहे असं समजून आम्ही मुलगी दिली. नोकरीत असल्याचा पुरावा दाखवावा, नसल्यास तसं सांगावं. काढून टाकलं असेल तर लपवू नये. लपवलेलं फार वाईट."

रजेचा पास गुणाजीच्या खिशात होता. पण पासावर पलटणीचं नाव होतं, आणि परत कुठे हजर व्हायचं तेही होतं. तो फक्त मिलिटरी पोलिसांना दाखवायचा असा हुकूम होता. नाना पोलीस होते, पण तसले नव्हते, आणि आता कसलेच नव्हते.

"सांगूक येणा नाय, नानानू," गुणाजी म्हणाला.

"ठीक आहे," नाना म्हणाले. "रविवारपर्यंत विचार करा."

शुक्रवारी तळ्याकडच्या वाटेवर सुशीला भेटली. तिच्या हातात नारळाच्या झावळ्या होत्या. ती थांबली, कारण झावळ्या घेऊन त्या अरुंद वाटेवर दोघांना एकमेकांशेजारून जाता येत नव्हतं.

"बाबा म्हणतत, तुमका घरी बसयल्यानी."

"तू काय म्हणतंस?"

"माका खंय कोणी इचारल्यान?"

"मी इचारतंय मा."

सुशीलाने झावळ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "चार दिस बघतंय तुमका," ती म्हणाली. "घरी बसयल्लो माणूस येवडो ताठ चलणा नाय. पण बाबांका चालीन काय कळाचा नाय. तेंका कायतरी दाखवक होया." आणि वाट सोडून ती शेतातून निघून गेली.

गुणाजीपाशी दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. सगळं ट्रंकेत होतं.

दरम्यान साल्वादोरने म्हापशाला निरोप धाडला होता. भाऊ मरणाला टेकला आहे असं हद्दीवर सांगून तेरेझा शनिवारी दुपारी आडबंदरला पोचली. तिच्याबरोबर दोन पोरं, हमालाच्या डोक्यावर शिवणाचं मशीन आणि झाकलेल्या टोपलीत तीन कोंबड्या होत्या. मरणाला टेकलेला भाऊ दारात उभा राहून हमालाशी घासाघीस करत होता.

गुणाजीला हे समजलं तेव्हा तो पडवीत येऊन बसला. काँगोचं नाव त्याने फोडलं नव्हतं. पण त्याच्या न बोलण्यातून गोव्याची बातमी तयार झाली होती, ती हद्द ओलांडून गेली होती, आणि एक बाई घर बंद करून आली होती. खरी बातमी फुटू नये म्हणून काय करायचं ते कॅप्टनसाहेबांनी सांगितलं होतं. खोटी फुटली तर काय करायचं, यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. साल्वादोरकडे जाऊन 'गोवा नाही' एवढं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण मग एक ठिकाण वजा झालं असतं, आणि नाना उरलेली मोजायला बाकावर बसलेलेच होते.

गाऱ्हाणं रविवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात ठरलं. ते घालणार होता भिकाजी घाडी. देवापुढे गावाच्या वतीने बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. सत्यवती नारळ घेऊन आदल्या दिवशीच त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने नारळ हातात घेतला आणि विचारलं, "जातलो खंय?"

"ता तो सांगणा नाय."

भिकाजीने नारळ परत केला. "पत्त्याशिवाय गाऱ्हाणा घालूचा कसा? रवळनाथाची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. पोरगो शिवेच्या भायर गेलो की थंयच्या थळाच्या धन्याक, थंयच्या देवाक, निरोप धाडूक होयो, की आमचो माणूस येता, तेका सांभाळ. निरोप खंय धाडूचो?"

नाना तिथेच होते. त्यांना हे अगदी योग्य वाटलं. "हद्दीचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

सत्यवती उठली नाही. तिने नारळ पुन्हा भिकाजीच्या पुढ्यात ठेवला. "देवाक सगळी ठिकाणां म्हायत आसत मा? तर सगळी सांग. खयच्याय एका ठिकाणी असतलोच."

भिकाजीने विचार केला. असं गाऱ्हाणं कधी घातलेलं नव्हतं, पण घालू नये असंही कुठे नव्हतं. "पेपरात जंय जंय पलटणी गेल्यो म्हणान येता, ती नावां घेतंय," तो म्हणाला. "पण पोराक दर नावाक 'व्हय म्हाराजा' म्हणूक होया. तेणा नाय म्हटला तर निरोप पोचाचो नाय."

नाना जागचे उठले. ते थेट गुणाजीकडे आले आणि त्यांनी सरळ सांगितलं, कारण संशयिताला तपासाची पद्धत आधी सांगितली तर तो घाबरतो असा त्यांचा अनुभव होता. "उद्या मी तुझ्यासमोर उभा राहणार. चोरीचा माल कुठे आहे हे काढायचं असेल तर आम्ही चोरापुढे एकेक घराचं नाव घेत असू. तोंड खोटं बोलतं, गळा बोलत नाही. खऱ्या नावाला तो हलतोच. उद्या तुझा गळा हलला तर तू पलटणीत आहेस. कुठल्याच नावाला हलला नाही तर तू कुठेच जात नाहीस. मग सोमवारचं रद्द."

नाना गेल्यावर गुणाजीला सगळं नीट दिसलं. गळा हलला तर सुशीला मिळणार आणि ठिकाण नानांना कळणार. नानांना कळलं की नाक्याला कळणार. गळा हलला नाही तर हुकूम पाळला जाणार आणि सुशीला जाणार. तिसरी वाटही होती आणि तीच सगळ्यात सोपी होती. कुठल्यातरी भलत्याच नावाला आवंढा गिळायचा.

रविवारी देवळासमोर गाव जमलं. साल्वादोर चर्चमधून परस्पर आला आणि आवाराच्या बाहेर, गडग्याच्या दगडी कुंपणापाशी उभा राहिला. तेरेझा आणि पोरं त्याच्या मागे होती. बायकांच्या बाजूला सुशीला होती. गुणाजी हात जोडून मधे उभा राहिला. नाना त्याच्या समोर, दोन हातांवर, छत्री टेकून उभे राहिले आणि त्यांनी नजर त्याच्या गळ्यावर लावली.

भिकाजीने नारळ उचलला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही सत्यवती माउली आपल्या झिलाक घेवन तुझ्या पायाकडे उभी आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. गुणाजीही म्हणाला.

"तो सरकारच्या चाकरीक लांब जाता. खंय जाता, ता तो सांगणा नाय. तेचो तेका हुकूम असात. पण तू जाणतो आसस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काश्मिराच्या बर्फात जायत, तर थंयच्या धन्याक निरोप धाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुणाजी म्हणाला. नाना किंचित पुढे वाकले.

"नागांच्या डोंगरात जायत, तर थंयच्या धन्याक सांग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"समुद्रापलीकडे त्या गाझाच्या वाळवंटात जायत, तर थंय जो कोण धनी असात तेका सांग, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि हयसर शेजारी, गोंयात जायत, म्हाराजा..."

गावाचा आवाज यावेळी थोडा उशिरा आला, कारण सगळ्यांनाच गुणाजीकडे पाहायचं होतं. गडग्यापलीकडे साल्वादोर टाचा उंचावून उभा होता. तीन नावं हातची गेली होती, आता हीच वेळ होती. आवंढा गिळला की नाना सरळ होतील, छत्री उचलतील, उद्या साखरपुडा होईल. सुशीलाने मान वर केली होती. गुणाजीला ती दिसत होती, आणि तिच्या मागे तेरेझा दिसत होती. तिच्या कडेवरचं पोर अनोळखी देवळाकडे पाहत बोट चोखत होतं. आवंढा गिळला तर ही बाई परत जाणार नव्हती. आणि उद्या हद्दीपलीकडून आणखी बायका, आणखी मशिनं आली असती.

"व्हय म्हाराजा," गुणाजी म्हणाला. गळा हलला नाही.

भिकाजीची नावं संपली. त्याने नारळ वर धरला, आणि गडग्यापलीकडून साल्वादोर ओरडला, "काँगो ऱ्हवलो, भिकाजी! पेपरात काँगो पण आसा!"

भिकाजीने नारळ खाली घेतला. "आणि काँगोत जायत, तर थंयच्या धन्याक सांग, म्हाराजा!"

या नावाची गुणाजीने आता अपेक्षा केली नव्हती. जिभेचं मूळ कोरडं पडल्याचं त्याला जाणवलं. त्याने नानांच्या छत्रीच्या मुठीकडे पाहिलं आणि ज्या आवाजात काश्मीर म्हटलं होतं त्याच आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. खोबरं वाटायला सुरुवात झाली.

नाना सरळ झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "काही नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. "कुठेच नाही. मी नीट पाहिलं. पोरगा कुठेच जात नाही." मग सत्यवतीकडे वळून ते मालवणीत म्हणाले, "वयनी, माका वायट वाटता. पण चेडवाच्या, सुशीलाच्या जल्माचो प्रश्न आसा."

गुणाजीने जोडलेले हात सोडले, आणि ते कुठे ठेवावे हे त्याला समजलं नाही.

"बाबा," सुशीला म्हणाली.

देवळात, गावासमोर, मुलीने बापाला हाक मारावी हे नानांना आवडलं नाही. पण हाक मारून झाली होती.

"तुम्ही गळो बघतलास, ह्या तेंका कोणी सांगल्यान?"

"मीच सांगितलं. पद्धत आहे ती."

"म्हणजे गळो हलयलो तर साखरपुडो होतलो, ह्या तेंका म्हायत होता."

"होतं."

"नोकरी गेलली असती, खोटो माणूस असतो, तर एका तरी नावाक गळो हलवन दाखयलो असतो. एक आवंढो गिळूचो होतो, बाबा. फुकटचो. खोट्या माणसान तो गिळलो असतो. ह्यांनी एकय गिळूक नाय."

खोबरं वाटणारा हात मधेच थांबला. भिकाजी देवाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं काम झालं होतं आणि पुढचं त्याच्या मानात बसत नव्हतं.

नानांनी चष्मा पुन्हा लावला. बराच वेळ ते गुणाजीच्या गळ्याकडेच पाहत राहिले, जणू तिथे आणखी काही निघेल. "हा मुद्दा तपासात राहून गेला," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे गोंय की नाय गोंय?" साल्वादोरने गडग्यावरून विचारलं.

तेरेझाने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भावाला एवढंच म्हटलं, "तुका त्यानं कायच सांगूंक ना. तूंच सांगलें." सोमवारी सकाळी ती मशीन, पोरं आणि दोन कोंबड्या घेऊन म्हापशाला परतली. तिसरी साल्वादोरने आदल्या दुपारीच खाल्ली होती. तो मरता मरता वाचला असं तिने हद्दीवर सांगायचं ठरवलं.

त्याच दिवशी साखरपुडा झाला. गुणाजी साध्या पांढऱ्या शर्टात बसला, त्यामुळे खांद्यांचा प्रश्न आला नाही. सुशीलाने साखर देताना त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्याला वाटलं, हिने विचारलं असतं तर कठीण गेलं असतं.

मंडळी जेवायला बसली तेव्हा वेंगुर्ल्याहून आलेल्या एका पाहुण्याने नानांना जावई कुठे असतो म्हणून विचारलं.

"पलटणीत आहे," नाना म्हणाले. "लांब चालला आहे." पाहुणा पुढचं विचारणार तोच त्यांनी हात वर केला. "कुठे ते मला माहीत आहे. पण ते तुम्हाला सांगता येत नाही."